पुन्हा म्हण

"पुन्हा म्हण," पाटलीणबाई म्हणाली.

तिच्या हातातल्या सुपात जोंधळे होते. सूर्याला ग्रहण लागलेलं. दुपारची वेळ, पण उजेड मळकट झाला होता आणि कोंबड्या खुराड्यात शिरून बसल्या होत्या. आम्ही महारवाड्यातली पंधरा-वीस माणसं पाटलाच्या अंगणाबाहेर उभी होतो. अंगणाच्या कडेला दगडांची एक रांग होती. तिच्या आत आम्ही यायचं नाही.

ग्रहण लागलं की आमच्या लोकांनी गावभर ओरडत फिरायचं. "दे दान, सुटे गिराण." आम्ही ओरडायचं, घराघरातून धान्य टाकायचे, आणि मग सूर्य सुटायचा. हा आमचा हक्क म्हणत. हक्क कसला, कामच ते. कोल्हापूरचे महाराज गादीवर येऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मी नऊ वर्षांची.

मला ग्रहण आवडायचं. एरवी मला कोणी ओरडू देत नसे. ग्रहणात सगळेच ओरडतात, त्यात माझा आवाज मिसळून जायचा. त्या दिवशी नेमके सगळे दम घ्यायला थांबले आणि माझा एकटीचा आवाज मागं राहिला.

पाटलीणबाईनं सूप तसंच धरून ठेवलं. "ही कोण गं? काय म्हणाली ही? पुन्हा म्हण."

मी म्हटलं. शब्द नाकातून गेले. माझे सगळेच शब्द नाकातून जायचे.

"पुन्हा."

पुन्हा म्हटलं. सोप्यात पावणे बसले होते, ते हसायला लागले. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "देवाचं नाव घे बघू." घेतलं. ते जास्तच हसले. पाटलीणबाई म्हणाली, "अजून एकदा." मला वाटत होतं, यांना खरंच कळत नाहीय. मी नीट म्हटलं तर कळेल. म्हणून दरवेळी मी जास्त जोर लावत होते. जोर लावला की वारा नाकातून आणखीच निघतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी चार वेळा म्हटलं. चार वेळा.

मग पाटील बाहेर आला. हसणं थांबलं.

"हिला गप करा," तो म्हणाला. "घरात सून पोटुशी हाय. असलं गिराणात कानावर पडलं तर आमच्याबी घरात असलंच निपजंल."

आईनं पदराचा बोळा केला आणि माझ्या तोंडात कोंबला. माझ्याच आईनं. सगळ्यांसमोर. माझ्या तोंडाला वर छप्पर नाही. बोळा थेट नाकापर्यंत गेला. मला श्वास घेता येईना. डोळ्यांतून पाणी आलं. आई माझं डोकं धरून उभी राहिली आणि बाकीच्यांबरोबर ओरडायला लागली. पाटलीणबाईनं जोंधळे टाकले. आईनं एका हातानं माझं तोंड दाबून दुसऱ्या हातानं पदर पसरला.

ग्रहण सुटलं. घरी येताना आई म्हणाली, "हसली तर हसू दे. जोंधळं जास्ती घातलं न्हवं?"

खरंच जास्ती घातले होते. त्या दिवसापासून संध्याकाळची भाकरी मागायला आई पाटलाच्या घरी मलाच पाठवायला लागली. मी दगडांच्या रांगेबाहेर उभी राहायची. "पुन्हा म्हण" व्हायचं. हसून झालं की वरून अर्धी भाकरी जास्त पडायची. कधी सणाची पोळी. मी ती वाटेतच खायची. खायला गोड लागायची, हे खोटं कशाला सांगू.

माझ्या टाळूला जन्मापासून चीर. ओठ सरळ, चेहरा सरळ. बघणाऱ्याला काही दिसत नाही. तोंड उघडलं की कळतं. जन्मले तेव्हा आईनं छातीशी लावलं तर दूध नाकातून परत आलं. सुईण म्हणाली, "जगायची न्हाय." आईनं मला बसतं धरून कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब पाजलं. रात्रंदिवस. म्हणून जगले. तो बोळा मी विसरत नाही आणि पदराचा बोळाही विसरत नाही. दोन्ही एकाच हातानं दिलेले.

गाव म्हणालं, पोटुशी असताना हिनं ग्रहण पाळलं नाही. ते खरं होतं. गावातल्या पोटुश्या बाया ग्रहणात दार लावून बसतात. विळीला हात लावत नाहीत, बोट हलवत नाहीत. माझी आई पोट घेऊन दारोदार ओरडत फिरत होती. ती घरात बसली असती तर पाटलाच्या माणसानं येऊन उठवलं असतं. त्यांच्या सुना आत सुखरूप बसाव्यात म्हणून आमच्या बायांनी बाहेर उन्हात ग्रहण अंगावर घ्यायचं. आणि पोर असं निपजलं की त्याच घरातनं म्हणायचं, पाळलं नाहीस. आई शेवटपर्यंत स्वतःलाच दोष देत गेली. ग्रहणाचा आणि टाळूचा काही संबंध नाही, हे मला पुढं कळलं. तोवर तिला सांगून उपयोग नव्हता. तिनं मानलंच नाही.

आणखी एक गोष्ट आहे. आम्हाला अंगणात पाय ठेवायची बंदी होती. शिवायची बंदी होती. दगडांच्या रांगेपलीकडं आमचं एकच काहीतरी जाऊ शकत होतं, तो म्हणजे आवाज. आवाजावरच आमची भाकरी. आणि माझा नेमका आवाजच मोडका. दुसऱ्या घरात जन्मले असते तर बोलले नसते तरी चाललं असतं. कोपऱ्यात बसवून जेवू घातलं असतं.

चौदाव्या वर्षी मामानं मला कोल्हापूरला आणलं. मामा एका मिशनच्या दवाखान्यात झाडू मारायचा. मला फरशी पुसायला लावली. तिथली मोठी डॉक्टर परदेशी बाई होती. आम्ही तिला मडम म्हणायचो. एक दिवस तिनं मला मामाशी बोलताना ऐकलं, हातातलं काम टाकलं आणि मला खुर्चीत बसवून तोंड उघडायला लावलं. मग बाकीच्यांना हाक मारली. चार जण वाकून वाकून बघून गेले. कोणी हसलं नाही. कोणी मला विचारलंही नाही.

मडम म्हणाली, शिवता येईल. मला एवढंच कळलं की तोंडाला छप्पर मिळणार. आणि छप्पर आलं की बोलणं येणार, हे मी माझं मीच धरून चालले. मामानंही तेच धरलं. मामीनं अंबाबाईला बाहेरूनच हात जोडले. पाऊस गळणारं घर शाकारलं की गळायचं थांबतं, तसंच हे असणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

नाकाशी फडकं धरलं. गोडसर वास आला. पुढचं मला काही माहीत नाही. मग पंधरा दिवस पेज आणि दूध. जीभ वर लावून बघायची, तर पहिल्यांदाच तिला वर काहीतरी लागायचं. पाणी प्यायले, नाकातून आलं नाही. मामीच्या हातची तिखट आमटी पोटभर प्यायले. माझ्या जन्मात मी तोवर आमटी निवांत प्यायले नव्हते.

टाके निघाल्यावर मडम म्हणाली, "बोल."

मी म्हटलं, "पाणी द्या."

तोच आवाज. नाकातलाच.

मी मडमच्या तोंडाकडं बघत राहिले. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. तिच्या मराठीत ती म्हणाली, "तू उशिरा आली. भोक बंद झाला. पण जीभ चौदा वर्ष चुकीचा रस्ता चालला. बाळ बोलायच्या अगोदर शिवायला पाहिजे. मग जीभ सरळ रस्ता शिकते."

"अगोदर म्हंजे कवा?" मी विचारलं.

"एक वर्ष. दीड वर्ष. पहिला शब्द यायच्या अगोदर."

हे तिनं आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं नाही. सांगितलंही असेल. मला ऐकायचं नसेल. मी मोरीत जाऊन बसले आणि खूप रडले. मी दीड वर्षांची होते तेव्हा असं काही शिवता येतं हे आमच्या महारवाड्यात कोणाला ठाऊक असणार? गावात बातमी यायची ती पाटलाच्या सोप्यात. तिथं आमचा कान पोचत नव्हता.

मडमनं मला एक पीस दिलं. कोंबडीचं. टेबलावर ठेवायचं, समोर बसायचं आणि 'प' म्हणून ते उडवायचं. वारा तोंडातून आला तर पीस हलतं. नाकातून गेला तर पडून राहतं. प, ब, ट, क. रोज सकाळी फरशी पुसून झाली की मी आणि पीस. सहा महिन्यांनी ते जरा हललं. वर्षानं दोन बोटं सरकलं. 'न' आणि 'म' तिनं मला कधी म्हणायला लावले नाहीत. म्हणाली, ती अक्षरं नाकातलीच असतात. ती तुझी पहिल्यापासून नीट आहेत.

एवढं करून माझं बोलणं थोडं सुधारलं. चार वेळा सांगावं लागायचं, तिथं दोन वेळा लागायला लागलं. जिभेला लागलेली खोड मोडत नाही. दमणूक होते नुसती.

मडमचं मराठी माझ्याहून वाकडं. ती बाईला बाप्या करायची आणि बाप्याला बाई. पण तिच्यासमोर लोक हात जोडून, कान पुढं करून उभे राहायचे. कळलं नाही तरी माना डोलवायचे. तिला "पुन्हा म्हणा" असं कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. हे मी वर्षानुवर्षं बघितलं. त्यातनं काय समजायचं ते समजायला मला फार उशीर लागला.

तिथंच मी वाचायला शिकले, तिथंच आया झाले. लग्न झालं नाही. बघायला आले ते म्हणाले, पोरीला दोन शब्द बोलू दे. बोलले. पाणी न पिता गेले.

मग तानीला पोरगी झाली. तानी माझी धाकटी बहीण, गावातच दिलेली. आई तोवर गेली होती. निरोप आला, आक्का, दूध नाकातनं येतंय.

मी तशीच मडमकडं गेले. ती म्हणाली, अंग धरू दे. वर्षाची होत आली की आण. मी जमेल तशी गावी जायची. पोरीला बसतं धरून कसं पाजायचं ते तानीला शिकवलं. बोळा काढून टाकला आणि चोचीचं बोंडलं दिलं. पोर जगली, बाळसं धरलं, रांगायला लागली. अकराव्या महिन्यात मला बघून हात पुढं करायची आणि "अंऽ अंऽ" करायची. लोक आपलं पोर कधी बोलतंय याची वाट बघतात. मी आणि तानी, हिचा पहिला शब्द एवढ्यात येऊ नये म्हणून नवस करत होतो.

त्यात मडम म्हणाली, ती उन्हाळ्यात तिच्या देशाला जाणार. दीड वर्षानं परत येणार. दवाखान्यात हे शिवणारं दुसरं कोणी नव्हतं. जायच्या आधीचा एक दिवस तिनं पोरीसाठी ठेवला. तो चुकला तर पोर अडीच वर्षांची होणार, तोवर गावभर बोलत फिरणार, आणि तिची जीभ माझ्याच वाटेनं जाणार.

त्या दिवसाच्या दोन दिवस आधी मी गावी पोचले. तानी शेणाच्या पाट्या वाहत होती. पाटलाच्या नातवाचं लग्न काढलं होतं. तोच नातू, जो त्या ग्रहणात पोटात होता. धडधाकट निपजला. सगळा महारवाडा महिनाभर वेठीला धरला होता. मांडव, लाकडं, सारवणं. लग्न होईपर्यंत कोणी गाव सोडायचं नाही. महाराजांनी वेठ बंद केल्याचं मी कोल्हापुरात वाचलं होतं. तानीच्या नवऱ्यानं ते भीत भीत पाटलाला सांगून बघितलं होतं. पाटील म्हणाला, "हुकूम कोल्हापुरात. हितं मी हाय."

मी पोरीला काखेत घेतलं आणि पाटलाच्या घरी गेले. तानी मागं. तिचा नवरा आणखी मागं. दगडांची रांग होती तिथंच होती. सोप्यात लग्नाचे पावणे बसले होते. पाटलीणबाई आता म्हातारी झालेली, खांबाला टेकून सुपारी कातरत होती. मी बाहेर उभी राहून म्हटलं, "पोरीची टाळू शिवायला दवाखान्यात न्यायचीया. तानीला आठ दिस सोडा."

पाटलीणबाई बाजूच्या बाईकडं वाकली आणि हळूच म्हणाली, "बहिणीला सोडा म्हणतीया, दवाखान्यात न्यायाला." मग माझ्याकडं वळली. अडकित्ता खाली ठेवला. कानाशी हात नेला.

"काय म्हणाली गं? पुन्हा म्हण."

पावणे सरसावून बसले. एक जण आधीच हसायला लागला होता.

मी बघत राहिले. तिला कळलं होतं. पहिल्याच वेळी, अक्षरन् अक्षर कळलं होतं. आज कळलं होतं, म्हणजे तेव्हाही कळत होतं. त्या ग्रहणातही कळत होतं. रोज संध्याकाळी भाकरीच्या वेळी कळत होतं. नाहीतरी महाराची पोर दारात उभी राहून दुसरं मागणार काय? आणि मी मूर्ख, यांना कळावं म्हणून जोर लावत बसले. पिसं फुंकत बसले. इतकी वर्षं मला वाटलं, खोट माझ्या टाळूत आहे.

पोर माझ्या कानाशी "अंऽ" म्हणाली.

"न्हाय," मी म्हटलं.

शब्द स्वच्छ आला. अंगणभर ऐकू गेला. त्यातलं अक्षर नाकातलंच. पहिल्यापासून माझं नीट होतं, आणि हा शब्द मी त्या दारात कधी वापरला नव्हता.

पाटलीणबाई म्हणाली, "न्हाय म्हंजे?"

"एकदा म्हटलंय. तुमास्नी कळलंय." हे मात्र वाकडं आलं. येऊ दे.

कोणी हसलं नाही. पाटील बाजेवरून उठला. त्याची दाढी आता पांढरी होती. "कोल्हापुरात राहून जीभ लांब झाली व्हय?" तो म्हणाला. "तुझ्या भाचीला बोलून काय कीर्तन करायचंय? आजपास्नं ह्या गावात तुमची भाकरी बंद. आनि ही तानी हलली, तर तिचं घर राहत न्हाय."

तानीचा नवरा मातीत वाकला. "चुकलं मायबाप. तिच्या तोंडाकडं बघू नगासा." मी त्याला दोष देत नाही. त्याला तिथं राहायचं होतं.

मी तानीकडं वळले. तिचे हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले होते. ती बराच वेळ त्या दगडांच्या रांगेकडं बघत होती. मग तिनं हात लुगड्याला पुसले, माझ्या काखेतून पोरीला घेतलं आणि म्हणाली, "आक्का, चल."

आम्ही तशाच निघालो. घरात भाकरी बांधून घ्यायलाही गेलो नाही. वाटेत एका गाडीवानानं पुढच्या गावापर्यंत बसवलं, बाकी चालत. तानीला भीती वाटत होती, मलाही वाटत होती.

ठरल्या दिवशी मडमनं टाळू शिवली. पोरीनं तोंडात बोटं घालू नयेत म्हणून तिच्या हातांना खपच्या बांधल्या. कोपरं न वाकता ती दोन्ही हात पसरून पडून राहायची आणि आमच्याकडं बघायची. आठव्या दिवशी तानीचा नवरा आला. उजवा हात सुजलेला, डोळ्याखाली काळंनिळं. घराचं छप्पर ओढून काढलं होतं. त्यानं आम्हाला शिव्या दिल्या नाहीत. पोरीजवळ बसला आणि तिच्या खपच्यांवरून हात फिरवत राहिला.

टाके काढले तेव्हा मागच्या बाजूचा एक सुटलेला निघाला. मसुराएवढं भोक राहिलंय. मडम म्हणाली, मोठी झाली की बघू. आणि ती तिच्या देशाला गेली.

म्हणजे झालंही, आणि नाहीही. ही नीट बोलेल का, मला कोणी सांगू शकत नाही. आता तीन माणसं माझ्या खोलीत राहतात. तानीचा नवरा मिळेल ते काम करतो, हात अजून वळत नाही. मी थकलेय. तिशी ओलांडली, पण सकाळी उठवत नाही. गेल्या महिन्यात पाटलाचा माणूस दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, तानीला आणि तिच्या नवऱ्याला पाठवून दे, पाटील माफ करायला तयार हाय. मी म्हटलं, "न्हाय येत." तो म्हणाला, "काय? नीट बोल." मी बादली उचलली आणि आत गेले.

पोरीच्या खपच्या निघाल्यात. रोज सकाळी मी तिला समोर बसवते आणि मध्ये पीस ठेवते. ती ते उचलून खायला बघते. काल ते जरा हललं. तिच्या फुंकरीनं की खिडकीतल्या वाऱ्यानं, कळलं नाही.

मी ठरवलंय ते एवढंच. पुन्हा ग्रहण लागलं तर आमच्यातलं कोणी कोणाच्या दारात ओरडणार नाही. सूर्याला सुटायचं असेल तर तो सुटेल. आणि ही पोर कशीही बोलू दे, सरळ बोलू दे, नाकात बोलू दे. हिला कोणी "पुन्हा म्हण" म्हटलं, तर आधी त्याच्या तोंडाकडं बघायचं, एवढं मी तिला शिकवणार आहे. खरंच कळलं नसेल तर दहा वेळा सांगायचं. मजा हवी असेल तर एकच शब्द द्यायचा. त्याला टाळू लागत नाही.